बेभरवशाचा खेळाडू कितव्या फेरीत उचलायचा?

तालमीच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपमधल्या आठ-दहा जणांनी फँटसी प्रीमियर लीगची ड्राफ्ट लीग काढली (इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू फेरीफेरीने, पाळीपाळीने उचलायचे आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या खेळावर गुण मिळवायचे असा ऑनलाइन खेळ) की पहिला वाद ठरलेला असतो. दुखापतीतून परतणारा मोठा स्ट्रायकर घ्यायचा की दर आठवड्याला खेळणारा साधा? इथे एक खेळाडू एकाच संघात जातो, म्हणून चूक महाग पडते. (लीग बिनपैशाचीच ठेवा. 2025 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. पैज मिसळीची पुरे.)

आधी लीगमध्ये माणसं किती ते मोजा. प्रत्येकाचे 15 खेळाडू: 2 गोलकीपर, 5 बचावपटू, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड. चौघांच्या लीगमध्ये 60 खेळाडू उचलले जातात, बारा जणांच्या लीगमध्ये 180. प्रीमियर लीगच्या 20 क्लबांत सुरुवातीच्या अकरात खेळणारे एका वेळी 220च. म्हणजे चौघांत बाहेर चांगला माल भरपूर उरतो, बारा जणांत बहुतेक राखीव खेळाडूच उरतात. हाच फरक आकड्यांत पाहा. भरवशाचा मिडफिल्डर सामन्याला 4 गुण देतो, 38 सामन्यांचे 152. बेभरवशाचा 22 सामने खेळून 6 च्या सरासरीने 132 देतो. उरलेल्या 16 सामन्यांत त्याच्या जागी येणारा 3 गुण देत असेल तर एकूण 180 होतात, डाव फायद्याचा. तोच बदली खेळाडू 1 गुणाचा असेल तर 148, डाव तोट्याचा. लहान लीगमध्ये धाडस करा, मोठ्या लीगमध्ये हात आखडता घ्या.

आता सगळ्यात जास्त गुण बुडवणारी गोष्ट. जो अजिबात खेळत नाही त्याच्या जागी तुमच्या बाकावरचा खेळाडू आपोआप येतो. पण जो 75व्या मिनिटाला उतरतो तो ‘खेळला’ असं धरलं जातं, त्याला 1 गुण मिळतो आणि बाकावरच्याचे 6 गुण वाया जातात. 60 मिनिटं झाल्याशिवाय हजेरीचे 2 गुण नाहीत, क्लीन शीटचे (संघाने एकही गोल न खाल्ल्याचे) गुणही नाहीत. म्हणून एक तर पूर्ण बाहेर, नाही तर पूर्ण 90 मिनिटं, अशा खेळाडूवर डाव लावावा. मोठ्या क्लबात आलटूनपालटून खेळवला जाणारा विंगर नावाने कितीही भारी असला तरी सुरुवातीच्या फेऱ्यांत नको.

दुखापतीतही फरक आहे. हाड मोडून जुळलेला खेळाडू परतला की बहुधा नेटाने खेळतो. मांडीमागचा स्नायू मात्र पुन्हापुन्हा दुखावतो. चेल्सीच्या रीस जेम्सचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला परतला तरी पहिले काही आठवडे तुकड्यातुकड्यानेच खेळवतात, म्हणजे वर सांगितलेला 1 गुणाचा सापळा.

पहिल्या पाच फेऱ्यांत फक्त रोज खेळणारे घ्या, त्यातही पेनल्टी मारणारा असेल तर उत्तम. सहा ते नऊमध्ये एखादा डाव चालतो. खरी मोकळीक दहाव्या फेरीनंतर, कारण तिथे हुकलं तर जाणारा खेळाडू तसाही सामान्यच असतो. ड्राफ्ट सापासारखा उलटसुलट फिरतो. आठ जणांत तुमचा नंबर आठवा असेल तर निवडी 8 आणि 9, मग 24 आणि 25 अशा जोडीने येतात. अशा जोडीत एक खात्रीचा, एक जोखमीचा असं घेता येतं. पहिल्या नंबरवाल्याला 1 नंतर थेट 16 ची वाट पाहावी लागते, त्याने पहिल्याच निवडीत जुगार खेळू नये.

शेवटच्या फेरीसाठी एक नाव कायम हेरून ठेवा: क्लब बदलण्याच्या बेतात असलेला तरुण. कोल पामर 2023 मध्ये सीझन सुरू झाल्यावर, 1 सप्टेंबरला मँचेस्टर सिटीतून चेल्सीत गेला आणि लीगमध्ये 22 गोल करून बसला. याउलट चेल्सीचाच एन्कुंकू त्याच वर्षी सीझनपूर्व सामन्यात गुडघा दुखावून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिला. ड्राफ्ट महिनाभर आधी उरकू नका, पहिल्या सामन्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत घ्या.

असे डाव दोनपेक्षा जास्त नकोत. जखमींसाठी वेगळी जागा नसते. बाकावर चौघं, त्यातला एक गोलकीपर, म्हणजे मैदानी बदली तीनच. दोन जखमी आणि दोन बंदीवाले एकदम आले (पहिल्या 19 सामन्यांत 5 पिवळी कार्डं झाली की एका सामन्याची बंदी) की दहा जणांवर खेळायची वेळ येते. आपल्या पेठेच्या संघावर जीव टाकणारी माणसं आपण; तेच प्रेम युनायटेड-लिव्हरपूलवर करून आपल्याच क्लबचे दोन जखमी उचलले जातात. तो मोह आवरा.

खेळाडू घेतानाच त्याची मुदत लिहून ठेवा, समजा सहावा आठवडा. तोवर तो सुरुवातीच्या अकरात दिसला नाही तर आधी अदलाबदलीसाठी ग्रुपवर विचारा, कारण सोडलेला खेळाडू दुसरा कुणीही मागू शकतो. वेव्हरचे अर्ज (कुणाच्याच संघात नसलेला खेळाडू मागायचे) डेडलाइनच्या 24 तास आधी निकाली निघतात; डेडलाइन म्हणजे आठवड्याच्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधीची वेळ. शनिवारचा पहिला सामना तिकडे इंग्लंडमध्ये दुपारी साडेबाराला असेल तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेतीन, म्हणजे अर्ज शुक्रवारी साडेतीनच्या आत. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की हेच साडेचार होतं.