काळ्या दारूच्या रायफलीने हजार यार्डांवर नेम कसा साधावा

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. शार्प्स, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, विंचेस्टर हाय वॉल अशा एकोणिसाव्या शतकातल्या एकबारी रायफलींनी, ओतीव शिशाची गोळी आणि काळी दारू, म्हणजे धूर करणारी जुनी बंदुकीची दारू, वापरून एवढ्या लांबचे लक्ष्य टिपणारे हौशी नेमबाज अमेरिकेत आजही भरपूर आहेत. न्यू मेक्सिकोत रॅटनजवळच्या व्हिटिंग्टन सेंटरवर १९८५ पासून या रायफलींची सिल्हूट स्पर्धा, म्हणजे प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराच्या पत्र्यांवर नेम धरायची, सुरू झाली. तिथे पोलादी कोंबडी २०० मीटरवर असते, डुक्कर ३०० वर, टर्की ३८५ वर आणि मेंढा ५०० मीटरवर. लांब पल्ल्याच्या स्पर्धा वेगळ्या, ८०० ते १००० यार्डांच्या.

सगळ्यात जास्त वापरात असलेले काडतूस ४५-७० हे. पहिला आकडा इंचाच्या शतांशातला व्यास, दुसरा मूळ भरणीतली दारू, ग्रेन या बारीक वजनमापात. यातली पाचशे ग्रेनच्या वरची गोळी सेकंदाला साधारण १२०० फुटांच्या वेगाने निघते आणि हजार यार्ड गाठायला तीन सेकंदांहून जास्त घेते. निघतानाच्या वेगात दहा फुटांचा फरक पडला, तरी तिथे पोहोचेपर्यंत ती फूट-दीड फूट वरखाली जाते. त्यामुळे इथे जोरदार बाराला किंमत नाही. मागच्यासारखाच पुढचा बार हवा, आणि खालच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू तेवढाच आहे.

आधी कायद्याचे पाहा. भारतात परवान्याशिवाय काडतुसे भरणे हा गुन्हा आहे, घरच्या घरी हौस म्हणूनसुद्धा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आपला व्हिसा तपासावा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला शिकारीचा वैध परवाना किंवा तशी दुसरी सवलत नसेल, तर बंदूक आणि काडतुसे बाळगता येत नाहीत. मित्राच्या नावावरची रायफल वापरून ही अडचण सुटत नाही.

पायरी १ : नळीतली काजळी ताब्यात आणा

नवखा माणूस गोळीपासून सुरुवात करतो. माझ्या मते सुरुवात नळीपासून करावी. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. तो नळीतल्या आट्यांवर, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या चरांवर, बसतो आणि कोरड्या हवेत दगडासारखा कडक होतो. पुढची गोळी त्यावरून खरवडत जाते, तिसरी-चौथी तर भलतीकडेच. अशा वेळी लोक दारू बदलतात, साचा बदलतात, आणि काजळी आहे तिथेच राहते.

उपाय दोन. पहिला, दर बारानंतर नळी पुसणे: आधी एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी, दोन्ही मागच्या बाजूने पुढे. दुसरा, फुंकनळी. रिकाम्या काडतुसाच्या बुडाला भोक पाडून त्यात रबरी किंवा प्लास्टिकची नळी बसवतात. बार झाला की रायफल उघडायची, रिकामे काडतूस काढायचे, फुंकनळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या खोबणीत, बसवायची आणि मागच्या बाजूने फुंकायचे. गालांतली फुंकर उपयोगाची नाही. पोटातून आलेला, दमदार, संथ श्वास हवा, कारण काजळी मऊ करायला लागते ती श्वासातली वाफ. बहुतेकांना पाच-सहा श्वास पुरतात. रॅटनच्या कोरड्या उन्हाळी हवेत जास्त लागतात, दमट दिवशी कमी.

श्वास किती पुरले हे नळीचे तोंड सांगते. चारपाच बारांनंतर तिथे गोळीच्या खाचांत भरलेल्या वंगणाचे काळपट, ओशट कडे दिसले, तर वंगण शेवटपर्यंत पोहोचते आहे. तोंडाकडच्या चार-सहा इंचांत कोरडी, करकरीत काजळी लागत असेल, तर श्वास वाढवा, किंवा मेण आणि तेलाचे मऊ वंगण आणि खोल खाचांची गोळी घ्या. पद्धत कोणतीही निवडा, पण एकच निवडा आणि दर बाराला तितकेच श्वास किंवा तितक्याच चिंध्या ठेवा. स्पर्धेत वेळ अपुरा पडला की बहुतेक जण कात्री लावतात ती नेमकी इथे, आणि गुण जातात तेही इथेच.

पायरी २ : गोळी

आधी नळीचे माप घ्या. मऊ शिशाचा तुकडा तेल लावून गजाने हळूच नळीतून पलीकडे काढा आणि आट्यांच्या तळाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. वंगणाच्या खाचांची गोळी तेवढ्याच व्यासाची किंवा इंचाचा हजारावा भाग मोठी असावी. विकत घेतलेल्या गोळीच्या डबीवरचा आकडा तुमच्या नळीला लागू पडेलच असे नाही.

मिश्रण मऊ ठेवा. वीस भाग शिशाला एक भाग कथील किंवा सोळाला एक, हे जुने प्रमाण आजही चालते. ओतताना साचा आणि शिसे यांचे तापमान आणि ओतण्याची लय बदलू देऊ नका. थंड गोळ्या एकेक करून तोला आणि ग्रेनभराच्या फरकात बसणाऱ्या वेगळ्या काढा. हलकी निघालेली गोळी बहुधा आतून पोकळ असते, ती सरळ परत वितळवा. हे काम मोकळ्या हवेत करा, नंतर हात धुवा, आणि वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंबही येऊ देऊ नका. पाणी पडले तर शिसे उडून अंगावर येते.

पायरी ३ : काडतूस

काळ्या दारूचा एक नियम कधीही मोडायचा नाही: दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी हवा राहू द्यायची नाही. पोकळी राहिली तर दाबाच्या धक्क्याने नळीला आतून फुगवटा येऊ शकतो, आणि तो दुरुस्त होत नाही. या काडतुसांत धूरविरहित दारू काळ्या दारूच्या मापाने कधीही भरू नका, रायफल फुटते. भरणीचे आकडे छापील पुस्तिकेतून घ्या, ओळखीच्यांच्या तोंडून नकोत.

दारू तोलून घ्या, ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत. ती एकदम ओतू नका. दोन-अडीच फूट लांब पितळी नळीतून धार धरून सोडली की दाणे घट्ट आणि सारखे बसतात. वरून वनस्पतीजन्य पुठ्ठ्याची चकती ठेवा, दाबण्याच्या साच्याने दारू दाबा आणि मग गोळी हाताने बसेल इतक्या ढिल्या गळ्यात बसवा. किती दाबायचे हे दारूवर ठरते. गोएक्स या कंपनीच्या दारूला बऱ्यापैकी दाब मानवतो, स्विस नावाच्या दारूला अगदी थोडा पुरतो. दाब थोडाथोडा बदलत दर भरणीचे दहा बार एकाच दिवशी २०० यार्डांवर मारून बघा. उभी फाकणारी भरणी बाजूला ठेवा. जवळ दोन इंच वरखाली जाणारी हजारावर नुसता ताप देते.

पितळी काडतुसे एकाच कंपनीची, एकाच लांबीची ठेवा आणि दर काही बारांनंतर त्यांचे गळे तापवून मऊ करा. नाहीतर गोळीवरची पकड प्रत्येकात वेगळी पडते.

पायरी ४ : नेमाची साधने

मागे दस्त्याच्या मानेवर उभी व्हर्नियर पट्टी, म्हणजे बारीक खुणांवर वरखाली सरकणारी माशी, पुढे गोल पेटीत बदलता येणारी कडी. दोन्हींमधले अंतर ३४ इंचांच्या आसपास असेल, तर पट्टीवर इंचाचा शंभरावा भाग म्हणजे कोनाचे साधारण एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), आणि हजार यार्डांवर साडेदहा इंच. प्रत्येक अंतराचा आकडा वहीत लिहून ठेवा, सोबत तापमान आणि दारूचा लॉट.

पुढच्या साधनात छोटी पाणसळ बसवतात, ती शोभेची नाही. समजा पट्टीवर दीडशे मिनिटे चढवली आहेत आणि रायफल एका अंशाने कलली, तर हजार यार्डांवर गोळी सव्वादोन फूट बाजूला जाते. डोळ्याला एक अंश कळत नाही, बुडबुड्याला कळतो.

नळी आडव्या काठ्यांच्या दुबेळक्यावर टेकवाल तेव्हा दर वेळी एकाच खुणेवर टेकवा. घोडा पडल्यावरही अंग हलवू नका. गोळी संथ असते, नळीतून बाहेर पडायला वेळ घेते.

पायरी ५ : वारा आणि जोडीदार

या खेळात दुर्बिणीमागे जोडीदार असतो, आणि अर्धी स्पर्धा तोच जिंकून देतो. तो दुर्बीण लक्ष्याच्या जरा अलीकडे लावून मृगजळ बघतो. मृगजळ डावी-उजवीकडे वाहत असेल तर तिकडचा वारा धरता येतो. सरळ वर उकळायला लागले, की वारा पडला आहे किंवा दिशा बदलतो आहे. तेव्हा थांबा. बहुतेक दिवस एखादी झुळूक पुन्हा पुन्हा येते. तिला तुमची मानून पट्टी लावा आणि तीच परत येईपर्यंत बार धरून ठेवा.

आपले लक्ष्य कोणते, याची खात्री करणेही जोडीदाराच्या कामात धरा. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा प्रसिद्ध सामना झाला. आयरिश संघातल्या मिल्नरने एक बार चुकून शेजारच्या लक्ष्यावर मारला, अगदी मध्यावर. त्याचे शून्य गुण धरले गेले, मिळायला हवे होते चार. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली.

पायरी ६ : त्याच दिवशी साफसफाई

काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. मैदानावरून परतताना रिकामी काडतुसे साबणाच्या पाण्यात टाका. नळी गरम पाण्याने, मग कोरड्या चिंध्यांनी पुसा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी परत घालून पाहा. तपकिरी डाग आला तर पाण्यापासून पुन्हा सुरुवात करा. स्वच्छ आली तरी पुढच्या बाराआधी तेल पूर्ण पुसून काढा, नाहीतर पहिली गोळी बाकीच्यांपेक्षा वेगळी जाईल.