जुन्या शाळेचं घर करायचंय? आधी उतारा, मग कौलं

गोव्यात जुन्या शाळेची इमारत मनात भरली की माणूस थेट रंग ठरवायला लागतो. आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, काढा. कब्जेदार कोण, कूळ किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का, ते बघा. आवारात राहणारं शिपायाचं कुटुंब मुंडकार निघू शकतं. पोर्तुगीज काळात आमच्या मराठी शाळा कुठे देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या जागेत), कुठे भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत भरायच्या. म्हणून भिंती एकाच्या नि जमीन भलत्याचीच, असंही निघतं. जमीन देवस्थानाची असली तर देवस्थानांसाठीचा १९३३ चा माझानी कायदा लागतो, कोमुनिदादची (गावच्या सामायिक जमिनीच्या संस्थेची) असली तर १९६१ ची संहिता. तोंडी शब्दावर पैसे मोजू नका. पोर्तुगीज वाचणारा वकील गाठा. राहण्यासाठी वापर बदलायला नगरनियोजन नि पंचायतीची परवानगी लागते, ती वेगळी.

मग छप्पर. दिवाळीनंतर हात घाला, मे संपायच्या आत आढं बंद झालं पाहिजे. प्रत्येक कौल उतरवून बोटानं वाजवा: खणखणीत ते ठेवा, बद्द ते बाजूला. वाशात सुरी खुपसून बघा, पण मधोमध नव्हे. भिंतीत बसलेलं टोक आधी कुजतं. नव्या वाशांना काजूच्या टरफलांचं तेल पाजलं की वाळवी लांब राहते. हे तेल अंगाला लागलं तर कातडी सोलवटते. गड्यांना हातमोजे द्या, आणि घातलेत का तेही बघा.

भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) असतील तर सिमेंटचा गिलावा नको. चिरा पाणी पितो, सिमेंट ते आत कोंडतं, नि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. ठेकेदार म्हणेल, "बाय, चुन्याचं काम आता कोण करतं?" दुसरा गवंडी शोधा. कळीचा चुना भिजवून निदान पंधरा दिवस मुरू द्या, गाळून घ्या. न विरघळलेला खडा राहिला तर पुढे भिंतीवर फोड येतो.

वर्गाचे तुकडे करून चार बेडरूम काढू नका. उंच छपरामुळे गरम हवा वर जाते, झरोक्यांतून बाहेर पडते. आड भिंत हवीच तर सात फुटांवर थांबवा. फॉल्स सीलिंग केलंत की एसीचं बिल भरा! भिंतीतला फळा राहू द्या, वाणसामानाची यादी लिहायला बरा.

स्वयंपाकघर नि न्हाणीघर मागच्या पडवीत काढा. सेप्टिक टँक विहिरीपासून निदान १५ मीटर, जमलं तर त्याहून लांब आणि विहिरीच्या खालच्या, उतरत्या बाजूला. चिऱ्याच्या जमिनीतून पाणी भराभर झिरपतं.