इंग्लंडच्या खेड्यातले पूर्वज शोधताना या चुका टाळा

घरात इंग्रज जावई किंवा सून आली की मुलांच्या वंशावळीची एक बाजू भराभर भरते आणि दुसरी एखाद्या खेड्याच्या नावापाशी अडते. मग कुणीतरी संगणकावर आडनाव टाकतो आणि अर्ध्या तासात थेट सोळाव्या शतकात पोचतो. हा वेगच संशयास्पद समजा.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत अख्खे घराणे एका जागी सापडते. तसे काही इंग्लंडमध्ये मिळेल ही अपेक्षा आधी सोडा. तिथले पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला टापू. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद सुरू झाली. पाद्री त्या दिवशी जे घडले ते लिहीत गेला. कोण कुणाचा, हे जुळवण्याचे काम आपले.

नाव जुळले म्हणजे माणूस सापडला, असे समजणे

सर्वांत जास्त वंशावळी इथे बिघडतात. खेड्यात जॉन, विल्यम, थॉमस, मेरी, एलिझाबेथ हीच नावे फिरून फिरून येतात. आजोबांचे नाव दोन-तीन नातवांना ठेवलेले असते, म्हणून एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे दोन चुलतभाऊ एकाच नावाचे निघतात. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याचीही रीत होती. तुम्हाला सापडलेला बाप्तिस्मा कदाचित महिन्याभरात गेलेल्या बाळाचा असेल. म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच दफनाचे रजिस्टर उघडा आणि तो मुलगा लहानपणी वारला नव्हता ना, हे पाहा. त्याच गावातल्या त्याच आडनावाच्या सगळ्या नोंदी उतरवून कुटुंबे वेगळी केल्याशिवाय एक पिढीही मागे जाऊ नका. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरा मार्ग नाही. इतरांनी इंटरनेटवर चढवलेल्या वंशावळी फक्त सुगावा म्हणून वापरा. त्यातली एकाची चूक शंभर जणांनी उतरवलेली असते, आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून ती खरी वाटते.

सालावर डोळे झाकून विश्वास

लिंकनशायरमधल्या कोल्स्टरवर्थच्या चर्चमध्ये १ जानेवारी रोजी आयझॅक न्यूटनचा बाप्तिस्मा झाला. आजच्या हिशेबाने ते साल १६४३, पण तेव्हाच्या इंग्रजी हिशेबाने १६४२, कारण नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे जुन्या रजिस्टरात डिसेंबरनंतरचा जानेवारी त्याच सालात येतो. आई-वडिलांचे लग्न जून १७०० मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०० मध्ये दिसला, तर भलतीसलती शंका घेऊ नका, तो फेब्रुवारी लग्नानंतरचा आहे. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले, म्हणून १७५१ या सालाला कायद्याने जानेवारी-फेब्रुवारी नव्हतेच! अशा तारखा उतरवताना १६४२/३ असे दुहेरी साल लिहा. शिवाय ही तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. कधी कधी तीन-चार भावंडांना एकाच दिवशी चर्चमध्ये नेलेले आढळते.

न्यूटनच्याच घरात आणखी एक अडचण दिसते. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते. आई हॅनाने १६४६ मध्ये शेजारच्या नॉर्थ विदमच्या पाद्र्याशी, बार्नबस स्मिथशी, लग्न केले. १६७९ मध्ये ती वारली तेव्हा तिचे आडनाव स्मिथ होते. हॅना न्यूटन या नावाने तिचे दफन शोधणारा शोधतच राहील. एखादी विधवा अचानक नाहीशी झाली तर आधी लग्नाचे रजिस्टर पाहावे.

माणूस सापडत नाही तेव्हा

बहुतेक वेळा तो पलीकडच्या गावात असतो. लग्न सहसा मुलीच्या पॅरिशमध्ये लागे, आणि पहिल्या बाळाचा बाप्तिस्माही कधी कधी तिच्या माहेरी होई. त्यामुळे नकाशा घेऊन भोवतीची सगळी पॅरिशेस पाहा. जवळचे पॅरिश दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, असेल तर त्याचे कागद दुसऱ्याच रेकॉर्ड ऑफिसात असतात, हे नवखे लोक हमखास विसरतात. घराणे बाप्टिस्ट किंवा क्वेकर अशा, सरकारी चर्चबाहेरच्या, पंथाचे असेल तर त्यांच्या नोंदी वेगळ्या. गरीब मजूर असेल तर १६६२ च्या सेटलमेंट कायद्याचे कागद पाहा. गरिबाला पोसायचे कुणी यावरून पॅरिशेस भांडत आणि नकोशा माणसाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडत. त्या भांडणाच्या कागदांत मजुराची जी हकीकत मिळते, ती बाप्तिस्म्याच्या एका ओळीत कधीच मिळत नाही.

रजिस्टरच हरवले असेल तर बिशपकडे, म्हणजे पाद्र्यांच्या वरच्या धर्माधिकाऱ्याकडे, दरवर्षी पाठवलेली नक्कल शोधा. १६४२ ते १६६० या यादवीच्या काळात मात्र अनेक गावांच्या नोंदी तुटक आहेत.

अलीकडच्या कागदांतल्या खोड्या

१८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसेल. नातेही दिलेले नाही, म्हणून एका छताखालची बाई बायको की बहीण, हे ठरवू नका. जन्माचे पॅरिश हवे असेल तर १८५१ कडे वळा. सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली, पण तिची सूची नोंदणीच्या तिमाहीनुसार आहे आणि नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती. डिसेंबरचा जन्म पुढच्या सालात सापडला तर नवल नाही.

सूचीवर थांबू नका, मूळ पानाचे छायाचित्र पाहा. लिहिता न येणाऱ्याचे आडनाव पाद्र्याने कानाला लागेल तसे लिहिले, आणि ते वाचणाऱ्याने आणखी बिघडवले.

याच शोधाचे उलटे टोक आपल्याकडे आहे. पुण्यातल्या किंवा दापोलीतल्या जुन्या इंग्रजी थडग्यावरचे नाव घेऊन कुणी इंग्लंडमधले गाव शोधू लागला, तर थेट तिकडच्या रजिस्टरांत शिरण्याची चूक करतो. आधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरात मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नकला पाहा. दफनाच्या नोंदीत आई-वडील सहसा नसतात, म्हणून त्याच माणसाचे लग्न इकडे लागले होते का, ते शोधा. तो ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेला शिपाई असेल, तर लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल आर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्यातल्या त्याच्या निवृत्तीच्या कागदांत जन्माचे पॅरिश मिळू शकते.