दवाखान्याची पाटी कशी वाचावी: त्वचारोगतज्ज्ञापासून भूलतज्ज्ञापर्यंत

एका सरकारी रुग्णालयाच्या मदत कक्षात मी काही वर्षं बसत होते. केसपेपर काढून आलेल्या माणसाचा प्रश्न एकच असायचा, "आता कुठं जायचं?" एकदा एक काकू त्वचा विभागाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. पावलांवर इसब होतं, खाजवून खाजवून त्यातून पाणी सुटलं होतं. "काय झालं काकू, डॉक्टर नाहीत का?" म्हटलं, तर पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "आहेत गं. पण दारावर गुप्तरोग लिहिलंय. आमच्या गल्लीतल्या कुणी बघितलं तर?"

मी त्यांच्यासोबत आत गेले. दारावरच्या एका शब्दापायी हे इसब आणखी महिनाभर चिघळलं असतं. म्हणून हे शब्द नीट समजून घेऊ.

आधी तक्रारीचं नाव काढा

डॉक्टरचं नाव शोधण्याआधी दुखण्याचं नाव सांगता यायला हवं, आणि ते घरातलं असलं तरी चालतं. नायटा किंवा गजकर्ण, खरूज, इसब, कोड, नागीण, चामखीळ, कुरूप, वांग, मुरमं, अंगावर उठणाऱ्या पित्ताच्या गांधी, हे सगळं त्वचारोगतज्ज्ञांकडे जातं. केस आणि नखं हीसुद्धा त्वचेचीच अंगं. त्यामुळे डोक्याला चाई पडली, कोंडा हटेना, नखं जाड होऊन पिवळी पडली, तरी जायचं तिथेच.

बोलताना आपण 'स्किनचे डॉक्टर' म्हणतो. पाटीवर त्वचारोगतज्ज्ञ, चर्मरोगतज्ज्ञ किंवा डर्मेटोलॉजिस्ट असं काहीही असेल, अर्थ तोच. (निम्म्या पाट्यांवर 'तज्ञ' असतं. शुद्ध शब्द 'तज्ज्ञ'. 'तद्' म्हणजे ते, आणि ते जाणणारा तो तज्ज्ञ.)

'गुप्तरोग' वाचून मागे फिरू नका

भारतात त्वचारोग, लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार (हेच गुप्तरोग) आणि कुष्ठरोग या तिन्हींचं पदव्युत्तर शिक्षण एकत्रच दिलं जातं. म्हणून पदवी या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांची, एमडी डीव्हीएल अशी असते. पदविका असेल तर डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल. १९७३ साली स्थापन झालेल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातही हे तिन्ही विषय आहेत. कारण सरळ आहे: उपदंशासारख्या आजाराचं पुरळ आणि कुष्ठरोगाचा चट्टा, दोन्ही कातडीवरच दिसतात. त्या दारात उभं असलेल्यांपैकी बहुतेक जण नायटा, खरूज, मुरमं यांसाठीच आलेले असतात. आणि कुणी गुप्तरोगासाठी आला असेल, तर त्याच्याकडे वळून बघायचं आपल्याला काही कारण नाही. भिंतींवर 'गुप्तरोगाची गॅरंटी' म्हणून रंगवलेल्या जाहिराती मात्र वेगळ्या. तिथे पदवी आणि नोंदणी विचारा. सांगता आली नाही तर पाऊल ठेवू नका.

कोड आणि कुष्ठ यांत गल्लत नको

या गल्लतीनं मोडलेली लग्नं मी ऐकली आहेत, म्हणून जरा थांबून सांगते. कोड म्हणजे त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होऊन पडलेला पांढरा डाग. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि कुष्ठरोगाशी त्याचं नातं नाही. काही जुन्या नावांत कोडालाही 'श्वेतकुष्ठ' म्हटलंय, तिथून हा गोंधळ.

कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि बहुतेक वेळा बधिर असतो. डोळे मिटून बसा, घरातल्या कुणाला तरी चट्ट्यावर कापसाची वात हलकेच टेकवायला सांगा. स्पर्श कळला नाही, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कळला तरी चट्टा जात नसेल तर दाखवाच. औषध मोफत मिळतं, ते प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यायचं असतं आणि आजार पूर्ण बरा होतो. आणि एक, 'महारोगी' हा शब्द तोंडातून काढूच नका. त्या शब्दानं माणसं लपून बसतात आणि तोवर बोटं वाकडी होतात.

मेडिकलवाल्याला त्वचारोगतज्ज्ञ करू नका

नायट्यावर दुकानातून आणलेल्या ट्यूबेत अनेकदा क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश होतो, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. महिन्याभरानं कंबरेचा रुपयाएवढा नायटा मांड्यांपर्यंत जातो, कातडी पातळ होते. अशी ट्यूब लावली असेल तर लपवू नका, रिकामी असली तरी सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.

मग नावापुढची अक्षरं वाचा

एमबीबीएस हा पाया. त्यापुढे, ढोबळमानानं, एमडी म्हणजे औषधांनी उपचार करणारे आणि एमएस म्हणजे शस्त्रक्रिया करणारे. त्याच्याही पुढच्या पदव्या डीएम आणि एमसीएच. नुसतं 'एमडी' वाचून थांबू नका, कशातलं एमडी ते बघा. आयुर्वेदातही एमडी असतं. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणजे त्वचारोगतज्ज्ञच असं नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवाच, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत तसं बंधन आहे.

जिथे हमखास दार चुकतं

मुतखडा, लघवी अडणं, प्रोस्टेट यांसाठी यूरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे सर्जन. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) वाढलं, डायलिसिसची वेळ आली, तर नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ. दोघांनाही 'किडनीचे डॉक्टर' म्हणतात, म्हणून लोक चुकीच्या रांगेत तासभर उभे राहतात.

फिट येणं, पक्षाघात, कंपवात यांसाठी न्यूरोलॉजिस्ट. मेंदूची शस्त्रक्रिया करतात ते न्यूरोसर्जन. मनाच्या आजारावर औषध लिहितात ते मानसोपचारतज्ज्ञ. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून मदत करतात, औषध लिहीत नाहीत. फिजिशियन म्हणजे ताप, बीपी, शुगर बघणारे एमडी मेडिसिन. व्यायाम करून घेतात ते फिजिओथेरपिस्ट. बालरोग, स्त्रीरोग, नेत्ररोग, अस्थिरोग, कान-नाक-घसा हे शब्द स्वतःच बोलतात. काहीच उमगत नसेल तर आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, आणि पुढे जायचं झालं तर त्यांची चिठ्ठी घेऊनच.

राहिले भूलतज्ज्ञ. त्यांचं नाव कुणी विचारत नाही, पण शस्त्रक्रियेच्या वेळी आपला श्वास आणि ठोके तेच सांभाळतात. ऑपरेशनच्या आधी ते भेटायला येतात, तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळं होऊ नका. चालू गोळ्या, दमा, कुठल्या औषधाची ॲलर्जी, तंबाखू, आणि तोंडात कवळी किंवा हलणारा दात असेल तर तोही सांगा. श्वासाची नळी घालायची वेळ आली तर ती बहुतेकदा तोंडातूनच घालावी लागते.