व्हायोलिनमुळे मान धरते? आधी या चुका टाळा

मान दुखायला लागली की लोक सगळ्यात आधी नवा शोल्डर रेस्ट, म्हणजे वाद्याखाली लावायचा खांद्यावरचा आधार, मागवतात. एक बोचतो म्हणून दुसरा, दुसरा घसरतो म्हणून तिसरा. तिन्ही कपाटात जातात आणि मान आखडलेली ती आखडलेलीच राहते. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा वाद्याच्या खाली नसतं, वर असतं.

जबडा आणि कॉलरबोन यांच्यामधली पोकळी खालून भरायची, ही ती चूक. मान सरळ आणि नजर समोर ठेवून हे अंतर मोजा. त्यातून व्हायोलिनच्या कडेची उंची वजा करा: बाजूची पट्टी सुमारे ३० मिमी आणि वरखालच्या पाट्यांच्या कडा प्रत्येकी ४ मिमी, म्हणजे साधारण ३८ मिमी. उरलेली जागा भरायची ती मुख्यतः चिनरेस्टने, म्हणजे वाद्यावर बसवलेल्या, जबडा टेकवायच्या वाटीने. शोल्डर रेस्टचं काम वाद्य घसरू न देणं आणि त्याचा तिरकेपणा राखणं, एवढंच. त्याचे पाय उंच केले की अख्खं वाद्य वर चढतं आणि जी तारेपर्यंत, म्हणजे सगळ्यात जाड तारेपर्यंत, बो (गज) न्यायला उजवा कोपर खांद्याच्याही वर उचलावा लागतो. डाव्या मानेचा इलाज करता करता उजवा खांदा जातो.

लांब मानेच्या एका तेरा वर्षांच्या मुलीचं नेमकं हेच झालं. पाचव्या ग्रेडची परीक्षा तोंडावर, शोल्डर रेस्टचे दोन्ही पाय शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर, आणि दुखत होता उजवा खांदा. शेक झाला, मलम झालं, विश्रांती झाली, खांद्याची फिजिओथेरपीही झाली. बरं वाटायचं, वाद्य हातात घेतलं की दोन दिवसांत पुन्हा तेच. या सगळ्यात वाद्य केसमधून बाहेर काढून कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी रेस्ट काढून व्हायोलिन नुसतं कॉलरबोनवर टेकवलं आणि मान न झुकवता जबडा टेकेपर्यंत चिनरेस्टवर नॅपकिनच्या घड्या रचल्या. घडी भरली १८ मिमी. आधीच्यापेक्षा तेवढ्याने उंच चिनरेस्ट बसवला, शोल्डर रेस्टचे पाय जवळपास पूर्ण आत घेतले. त्याच तासात जी तारेवरचा कोपर खाली आला. खांदा शांत व्हायला अर्थात त्याहून बराच वेळ लागला. चिडलेले स्नायुबंध एका दिवसात निवत नाहीत.

नॅपकिनची ही चाचणी घरी करता येते. दोन-तीन मिलिमीटरच कमी पडत असतील तर चिनरेस्टच्या पायाखाली कॉर्कची जास्तीची चकती पुरते. त्याहून जास्त हवं असेल तर लांब स्क्रू लागतात, नाहीतर आटे पुरेसे पकडत नाहीत. १० मिमीच्या पुढे सरळ उंच चिनरेस्टच घ्या. स्क्रू चिनरेस्टच्या किल्लीनेच फिरवा. पेपरक्लिप आत घुसवणाऱ्यांच्या वाद्याला पट्टीवर ओरखड्यांची रांगोळी असते. चिनरेस्ट हाताने हलला नाही म्हणजे पुरे, जास्त आवळलं तर लाकूड दबतं. आणि तो टेलपीसला, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेल्या पट्टीला, चिकटत नाही ना ते बघा, नाहीतर भुणभुण येईल आणि तुम्ही तारा बदलत बसाल.

चिनरेस्ट ही जर्मन व्हायोलिनवादक लुई श्पोरची १८२० च्या सुमाराची कल्पना. दोनशे वर्षांत त्याचे कितीतरी आकार निघाले, तरी दुकानातून वाद्याबरोबर जो आला तोच आपल्या जबड्यासाठी घडवलाय असं मानून लोक वर्षानुवर्षं वाजवतात.

दुसरी चूक शिकवणाऱ्यांची: 'खांदा खाली!' हा हुकूम. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी सुमारे १२० खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, फिरण्यातून येतात. व्हायोलिनला इतकं वर जावं लागत नाही, पण फऱ्याचा वाटा लागतोच. खांदा जबरदस्तीने खाली दाबला की फरा अडकतो, सगळं काम सांध्यावर येतं आणि त्याच्या वरच्या अरुंद जागेतले स्नायुबंध चिमटतात. उलट, खांदा कानाकडे उचलून वाद्य आवळलं तर फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापासून मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जाणारा स्नायू तासभर आवळलेला राहतो. 'कुठे दुखतं?' विचारलं की वादकाचं बोट बरोबर त्या कोपऱ्यावर जातं.

खांदा वरही नको आणि दाबलेलाही नको. भिंतीला दोन्ही तळवे टेकवा, कोपर न वाकवता छाती आधी भिंतीकडे सैल सोडा, मग मागे ढकला. फरे बरगड्यांवरून पुढे सरकल्याचं जाणवतं. दहा-दहा वेळा, दोनदा. मग आरशासमोर चारही मोकळ्या तारांवर लांब बो. कान आणि खांदा यांच्यातलं अंतर जी तारेपासून ई तारेपर्यंत फार बदलता कामा नये. हे कंटाळवाणं आहे. ज्यांना तिसऱ्या महिन्यात व्हिब्रॅटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) हवा असतो ते हे करत नाहीत आणि त्यांचीच मान आधी धरते.

याच्याच जोडीला 'हात सोडून व्हायोलिन धरून दाखव' हे खूळ. पाच सेकंदांची चाचणी म्हणून ठीक, रोजची पकड म्हणून घातक. वाद्य जेमतेम अर्धा किलो आहे, त्यातलं काही वजन डाव्या हाताने पेलायचंच. तिसऱ्या पोझिशनवरून (पोझिशन म्हणजे तारेवरची डाव्या हाताची जागा) पहिलीत उतरताना वाद्य बाहेर ओढलं जातं, त्या क्षणापुरतं डोक्याचं वजन चिनरेस्टवर सोडा. चार-पाच किलोचं डोकं नुसतं टेकलं तरी पुरतं, दाबावं लागत नाही.

व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं मोठं, खालच्या सुरांचं भावंड, घेताना आवाजाच्या मोहात साडेसोळा इंची उचलू नका. पहिल्या पोझिशनमध्ये सी तारेवर, म्हणजे त्याच्या सगळ्यात जाड तारेवर, करंगळी ताणल्याशिवाय बसत नसेल तर ते वाद्य तुमचं नाही, पंधरा-साडेपंधराचं बघा.

पलंगावर टॅबलेट ठेवून नोटेशन वाचू नका. स्टँड डोळ्यांच्या पातळीला.

परीक्षेआधी अर्ध्या तासाचे एकदम तीन तास करू नका. पंचवीस मिनिटं वाजवा, पाच मिनिटं वाद्य खाली ठेवा, आणि त्या पाच मिनिटांत फोन बघत मान वाकवू नका.

मान मोडून 'कट्' असा आवाज काढणं हा उपचार नव्हे.

बसून हिंदुस्थानी वाजवणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथे स्क्रोल, म्हणजे खुंट्यांच्या टोकाची कोरीव गुंडाळी, उजव्या पावलावर आणि वाद्याचं दुसरं टोक छातीशी, म्हणजे जबड्याने धरायचं कामच नाही. त्यांची मान दुखते ती बोटं बघायला खाली झुकल्यामुळे. बुडाखाली दुमडलेली चादर घेऊन बसा म्हणजे कंबर मागे कलंडत नाही, आणि सूर कानाने शोधा. शोल्डर रेस्ट इथे आणू नका.

डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर बहुधा कोपरातली नस दबतेय. झोपताना आणि फोनवर बोलताना कोपर घट्ट दुमडून ठेवू नका. बधिरपणा टिकला, पकड ढिली पडली किंवा दुखण्याने रात्री जाग येऊ लागली तर वाजवणं थांबवून डॉक्टरांकडे जा. जाताना वाद्य बरोबर न्या आणि त्यांच्यासमोर जी तारेवर दोन मिनिटं वाजवून दाखवा.