मुलांना गोष्ट लिहायला बसवायचंय? आधी एक अक्षर द्या

"काहीतरी छान लिही" म्हटलं की मुलं पेन्सिल चावत बसतात, त्यापेक्षा एक अक्षर द्या, समजा म, आणि म्हणा की या वाक्यातला प्रत्येक शब्द म नेच सुरू झाला पाहिजे. सुरुवातीला माकड, मासा, मगर अशी नुसती नावंच येतात आणि गाडी अडते ती क्रियापदावर, म्हणून मोजणे, मारणे, मिरवणे, मागणे अशी क्रियापदं आधीच बाजूला लिहून ठेवा. मग "मनीमाऊ मध्यरात्री माळ्यावर मिशा मोजते" असलं काहीतरी निघतं आणि तिथेच विचारायचं, का मोजते गं? एक मिशी कमी भरली तर? झाली की गोष्ट सुरू!

अक्षर मात्र बघून द्या, ण आणि ळ ने मराठीत शब्द सुरूच होत नाहीत, क, म, स, प सोपे. च देताना गंमत आहे, चाक आणि चिमणी यांतला च लिहायला सारखा पण कानाला वेगळा, त्यामुळे वाक्य मोठ्याने वाचायला लावाच, अनुप्रास कानाने पकडायचा असतो.

हे जमलं की दोन अर्थांचे शब्द घ्या, पान, हार, कर वगैरे. "वहीचं पान वाऱ्याने उडालं आणि झाडाला जाऊन चिकटलं", पुढे झाडावर काय उगवलं ते मुलांनीच ठरवायचं. शुद्धलेखनाच्या चुका त्या वेळी अजिबात काढू नका हां, नंतर बघता येतात.