ऑग्र आडवा पडला, गॉब्लिननी पार्टी लोळवली: मॉन्स्टर आणि एक्सपीचं गणित कसं बसवायचं

खासबागेत कुस्ती लावताना आधी जोड बघतात, इनाम नंतर. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या फाशांच्या गोष्टीतल्या खेळात गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारे आपण डीएम लोक मात्र मॉन्स्टरचं चित्र बघून जोड लावतोय, घोळ तिथंच हाय.

राजारामपुरीत आमचं रविवारी टेबल बसतं, डी अँड डी पाचवी एडिशन, २०१४ चे नियम, चौघं प्लेअर लेव्हल ३ चे. मी पन्हाळ्यासारखा गड काढला, दरवाजात एक ऑग्र, म्हणजे धिप्पाड राक्षस उभा केला, ५९ एचपी (किती मार सोसतो त्याचा आकडा), म्हटलं आता पोरं रडत्यात. दुसऱ्या राउंडला गडी आडवा! पुढं सहज म्हणून ८ गॉब्लिन, म्हणजे बारके राक्षस सोडले तर पार्टीतला (प्लेअरांच्या टोळीतला) विझार्ड (जादूगार) खाली, क्लेरिक (पुजारी) खाली, आणि सगळी माझ्याकडं असं बघायला लागली की मिसळीचं बिल मीच भरलं.

कारण साधं हाय, ऑग्र राउंडला एकदाच मारतो, ८ गॉब्लिन ८ वेळा. त्यासाठीच पुस्तकात गुणक दिलाय: एकटा असला तर १, दोघं १.५, ३ ते ६ ला २, ७ ते १० ला २.५. गॉब्लिनचे ५० एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) प्रमाणे ४००, गुणिले २.५ म्हणजे १०००. पुस्तकात लढाई किती अवघड त्याच्या पायऱ्या हायत, आमच्या चौघांना हार्ड ९०० ला सुरू होतं, डेडली १६०० ला. ऑग्रचे नुसते ४५०, मीडियमच्या ६०० ला पण पोचत नाही बिचारा.

आता नीट बघा, हा गुणक फक्त अवघडपणा मोजायला, वाटायचे ४००च, माणशी १००. लेव्हल ३ वरनं ४ ला जायला १८०० लागतात, म्हणजे असल्या १८ लढाया, रविवारी एक धरली तर चार महिने गेले की राव. म्हणून कैदी सोडवला, पहारेकऱ्याला गंडवून आत शिरले, तरी मी लढाईएवढेच एक्सपी देतो. नुसतं मारल्यावरच दिलं की पोरं चहावाल्यावर पण तलवार काढत्यात, बघितलंय मी.

स्वतःचा मॉन्स्टर करताना आधी पार्टीचं राउंडचं डॅमेज काढा, आमचं ३० च्या आसपास, तीन राउंड टिकवायचा तर ९० एचपी. पुस्तकातल्या तक्त्यात सीआर (मॉन्स्टर किती तगडा त्याचा आकडा) २ ला ८६ ते १०० च दिलेत, राउंडला डॅमेज १५ ते २०. पण आमच्या विझार्डचे एचपी १७, एकाच फटक्यात संपला की तो! मग तेच डॅमेज दोन फटक्यात वाटायचं, दोन वेगळ्या गड्यांवर. आणि लढाई चालू असताना गुपचूप एचपी वाढवू नका, पोरांना कळतंय.